ताई आली होती

९ फेब्रुवारी

ताई,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे न फोडताच बाजूला ठेवलं असशील तर राहू दे तसंच. फोडलं असशील तर खाली बसून वाच. उभ्याने वाचलेल्या प्रत्येक गोष्टीवर तू लगेच निकाल देऊन मोकळी होतेस.

सात वर्षांनी लिहितेय. पैसे नकोत, आजारी नाही, चोरून लग्नही केलेलं नाही. घाबरू नकोस. तू घाबरलीस तरी ते कुणाला कळत नाही म्हणा, तू फक्त ओरडतेस.

लिहायचं कारण काल आलेली एक मुलगी. माझ्याकडे समुपदेशनाला येणाऱ्या माणसांची नावं मी घरी आणत नाही, वारांवर ओळखते. सोमवारचे मास्तर, ज्यांना झोप येत नाही. गुरुवारचं जोडपं, ज्यांना घरी फुकट भांडता येत असताना माझ्यासमोर येऊन भांडायचं असतं. ही बुधवारची. बावीस वर्षांची, चष्म्याच्या दुकानात कामाला आहे. स्वेटरच्या बाह्या ओढून बोटं झाकून बसते आणि प्रत्येक वाक्याच्या शेवटी आपलं चुकलं का म्हणून माझ्याकडे बघते.

तिला एक मोठी बहीण आहे. आई लवकर गेली, बहिणीनेच वाढवलं. बहीण पडदे शिवून घर चालवते. हिचा फोन तपासते. रात्री हिच्या खोलीच्या दारात आडवी गादी टाकून झोपते. न्हाणीघराची आतली कडी तिने काढून टाकलीय. तीन वर्षांपूर्वी ही काही दिवस हॉस्पिटलात होती, तेव्हापासून. काय झालं होतं विचारलं तर म्हणाली, "जुनी गोष्ट आहे मॅडम, आता काही नाही." मी ते लिहून घेतलं आणि पुढे गेले.

ती सांगत होती, मी मान हलवत होते. मान हलवायचंच तर शिक्षण घेतलंय मी, असं तू सगळ्या नातेवाइकांसमोर म्हणाली होतीस. पण त्या कडीचं ऐकलं आणि माझी मान हलायची थांबली. आपल्याकडे पण नव्हती कडी. मी दोन वर्षं बादली दाराला टेकवून अंघोळ करायचे.

तुला वाटेल मी टोचायला लिहितेय. थोडं टोचायलाच लिहितेय. आणि हो, खोलीतलं बाहेर सांगायचं नाही हा आमचा पहिला नियम, म्हणजे हे पत्रच नियमात बसत नाही. पण तू कुणाला सांगणार? माझं नावसुद्धा घेत नाहीस असं कानावर आलंय.

धाकटी


२ मार्च

ताई,

उत्तर आलं नाही. येईल असं वाटलंही नव्हतं, तरी मी पेटी दोनदा बघते.

बुधवारची मुलगी खुललीय. बोटं बाहीबाहेर आली. काल ती नवा चष्मा घालून आली. जाड काळी फ्रेम, काड्यांना आतून लाल रंग. माझा आहे ना, तस्साच. तिला नंबर नाही, काचा साध्या आहेत. दुकानातून निवडून घेतला म्हणाली.

आमच्या कामात हे नवीन नाही. माणूस घरचं प्रेम आणि घरचा राग उचलून आणतो आणि आमच्या अंगावर घालतो. ट्रान्सफरन्स म्हणतात त्याला. दुसऱ्याचा कोट असतो तो, तासभर अंगावर ठेवायचा, आपल्या मापाचा आहे असं समजायचं नाही. मी तिला विचारायला हवं होतं की हा चष्मा घालून कुणासारखं दिसायचंय. मी म्हटलं, "छान दिसतो." ती इतकी हसली की मला पुढचं काही विचारवेना. जाताना दारात म्हणाली, "येते ताई." आणि जीभ चावली.

मला ताई म्हणणारं कुणी नाही, तुला माहीत आहे. शेंडेफळाला कोण ताई म्हणणार?

महिन्यातून दोनदा मी आमच्या बाईंकडे जाते. माझ्या धंद्यात प्रत्येकाला एक वडीलधारं माणूस लागतं, ज्याला आपण काय बोललो, काय वाटलं ते सगळं सांगायचं. कारण आमचाही कोट समोरच्याच्या अंगावर जातो, आणि तो आम्हाला दिसत नाही. बाई सत्तरीच्या पुढच्या आहेत, एका कानाला यंत्र लावतात आणि कंटाळा आला की ते काढून टेबलावर ठेवतात. परवा नाही काढलं. मी त्या बहिणीबद्दल सांगत होते, कशी दाराशी पडून असते, कशी घोरते, हिला कूस बदलायची चोरी कशी.

बाई म्हणाल्या, "तू पाहिलंयस तिला?"

"नाही."

"मग ती घोरते हे तुला कुणी सांगितलं?"

"मुलीने सांगितलं असेल."

"असेल?" एवढंच म्हणाल्या.

घरी येऊन मी माझी टिपणं चाळली. मुलीने घोरण्याबद्दल अवाक्षर काढलेलं नाही. घोरतेस तू.

पुढच्या वेळी मी बाईंना सर्दी झाल्याचं कळवलं आणि गेले नाही.

धाकटी


३० मार्च

ताई,

आनंदाची बातमी. बुधवारची मुलगी घर सोडून बाहेर पडली. दुकानाच्या मागच्या गल्लीत एक खोली भाड्याने घेतलीय, खिडकीखाली सायकली लावतात म्हणे. दाराला आतून कडी आहे. ती कडी लावताना तिला रडू आलं, असं तिने सांगितलं, आणि माझ्याही डोळ्यांत पाणी आलं. ते तिने पाहिलं. पाहिलं तर पाहिलं.

मी तिला जा म्हटलं नाही. आम्ही कुणाला काही कर म्हणत नाही. मी फक्त विचारलं, "तुला कोण अडवतंय?" पण कुठल्या आवाजात विचारलं ते मला माहीत आहे. असं बोट धरून ढकलता येतं माणसाला.

काल ती निघून गेल्यावर तिची बहीण आली. पायऱ्या चढून धापा टाकत होती. पस्तिशीची असेल, दिसते पंचेचाळीसची. कोटाच्या कॉलरला टाचण्यांची रांग, काम टाकून तशीच आलेली. मी दार अर्धंच उघडलं आणि नियमाप्रमाणे सांगितलं, की माझ्याकडे कोण येतं आणि कोण नाही, हेही मी सांगू शकत नाही. ती म्हणाली, "मला माहीत आहे ती येते. तुमचा पत्ता मीच शोधून दिला तिला." मी तेच वाक्य परत म्हटलं. तिने आवाज चढवला. तो आवाज, ताई! खालच्या मजल्यापर्यंत ऐकू जाईल असा, आपलंच खरं असा. मी दार लावून घेतलं.

नियम आहे तो. सज्ञान मुलगी आहे, तिच्या पाठीमागे तिच्या घरच्यांशी बोलायचं नाही. यात माझं काही चुकलेलं नाही.

धाकटी


१३ एप्रिल

ताई,

तुझं पत्र मिळालं. पत्र कसलं, एक ओळ. सात वर्षांनी एक ओळ!

"मग ती बहीण काय सांगायला आली होती?"

ना मायना, ना तब्येतीची चौकशी, ना सही. मी किती खूश होऊन पाकीट फोडलं असेल याचा विचार केलास? चपला काढायचं भानही नव्हतं मला. आणि आत काय, तर माझी उलटतपासणी. मी तुला माझ्या कामातली एक चांगली गोष्ट सांगते आणि तुला बरोबर त्यातलं भोक दिसतं. दहावीच्या निकालातही तुला फक्त गणित दिसलं होतं.

काय सांगायला आली असेल? तेच, जे तू सगळ्यांना सांगत फिरायचीस. ती नाजूक आहे, तिला काही कळत नाही, तिच्यावर लक्ष ठेवा. मी ते ऐकून ऐकून मोठी झालेय, मला ते परत ऐकायची गरज नाही.

खरं सांगते, पत्र यायच्या आदल्या दिवशी माझ्या मनात आलं होतं की त्या बाईला एक निरोप धाडावा. पडद्यांच्या दुकानात फोन असेलच. तुझी ओळ वाचली आणि म्हटलं, आता तर मुळीच नाही. तू सांगितलेलं एकदा तरी न करता बघायचं होतं मला.

आता बस लिहीत आणखी एक ओळ.


२७ एप्रिल

ताई,

मागचं पत्र रागात टाकलं. राग गेलेला नाही, पण थोडा निवलाय.

बुधवारची मुलगी काल आली ती अगदी वेगळीच होऊन. चेहरा स्वच्छ, आवाज शांत. इतके आठवडे तिच्या कपाळावर जी आठी असायची ती गेली. म्हणाली, "आता सगळं ठरलं की बरं वाटतं." खोली झाडून पुसून लख्ख केलीय. जादाचे कपडे दुकानातल्या मुलींना देऊन टाकले, कुंड्या शेजारच्या आजींना दिल्या. सगळं आवरलं, म्हणाली. मला इतकं समाधान वाटलं! या कामात अशी माणसं बरी होताना दिसणं फार क्वचित नशिबी येतं. आम्ही नुसते वाट बघत बसतो.

एक गोष्ट मात्र मनाला लागून राहिलीय. ती म्हणाली, "ताई एकदा तरी येईल बघायला, असं वाटलं होतं. पत्ता ठेवून आले होते तिच्या मशीनवर. नाही आली. चला, तिची पण सुटका झाली."

मी गप्प राहिले. आमच्याकडे गप्प राहण्यालाही पद्धत आहे. माणसाने मोकळी केलेली जागा आपण भरायची नाही, त्याला स्वतःला काय सुचतं ते बघायचं. तर मी बघत राहिले. तीन शब्द होते माझ्याकडे. ताई आली होती. ते सांगितले असते तर ती परत त्या घरात ओढली गेली असती, इतक्या महिन्यांचं काम पाण्यात गेलं असतं, असं मी स्वतःला समजावलं.

जाताना तिने माझा हात हातात घेतला. आम्ही सहसा घेऊ देत नाही. म्हणाली, "तुम्ही खूप केलंत माझ्यासाठी." मी आपली मोठ्या बहिणीच्या तोऱ्यात म्हटलं, "पुढच्या बुधवारी भेटू."

धाकटी


४ मे

ताई,

ती काल आली नाही. कधी पाच मिनिटंही उशीर करत नाही. मी खिडकीत उभी होते. फोन लागत नाही. तासभर मी तिची खुर्ची सरळ करत बसले.

तुझ्या ओळीचं उत्तर मला अजून देता येत नाही.


६ मे

ताई,

ती गेली. मंगळवारीच. आपल्या हाताने. माझ्या कार्डावरचा नंबर बघून चष्म्याच्या दुकानाच्या मालकाने काल फोन केला. त्याला वाटलं मी नातेवाईक आहे.

दाराची कडी आतून लावलेली होती.

मी तुला मार्चमधलं सगळं लिहिलं नव्हतं. तिच्या बहिणीने आवाज चढवला असं लिहिलं. काय म्हणून चढवला ते लिहिलं नाही. ती म्हणाली होती, "मॅडम, तुम्ही काही सांगू नका. मी विचारतच नाही. फक्त ऐकून घ्या. जाताना ती माझी प्रत्येक वस्तू धुऊन, इस्त्री करून ठेवून गेलीय. मागच्या वेळी पण तिने आधी असंच सगळं आवरलं होतं." शेवटचे शब्द दाराच्या फटीतून आले. मी दार लावत होते. जोरात नाही, हळूच. आम्ही दारं हळूच लावतो.

त्यानंतर ती बराच वेळ खालच्या पायरीवर बसून होती. खिडकीतून तिचं डोकं दिसत होतं. मी पडदा ओढला.

ते शब्द मी ऐकले होते, ताई. कानावर पडले नाहीत असं नाही. आणि चार आठवड्यांनी ती मुलगी माझ्यासमोर बसून सगळं आवरलं म्हणाली, तेव्हा मला आनंद झाला. सोमवारच्या मास्तरांनी हेच सांगितलं असतं तर मी त्यांना खुर्चीतून उठू दिलं नसतं. पहिल्या वर्षाच्या पोरीलाही हे शिकवतात.

काल बाईंकडे गेले. सगळं सांगितलं. त्यांनी यंत्र काढलं नाही, डोळे मिटून घेतले. मग म्हणाल्या, "सांगायला नियम आड येतो. ऐकून घ्यायला कुठला नियम आड येतो गं?"

मला उत्तर माहीत होतं. तुझं नाव होतं ते.


२५ मे

ताई,

हे बसून वाच.

काल बुधवार. मी बाकी सगळ्यांना दुसऱ्यांकडे पाठवलंय, खोली बंद करायची म्हणून पुस्तकं खोक्यात भरत होते. मुलीच्याच वेळेला दारावर टकटक झाली. बहीण होती. या वेळी मी दार पूर्ण उघडलं.

ती आत आली आणि नेमकी त्याच खुर्चीत बसली. तिला माहीत असायचं कारण नव्हतं. कॉलरला टाचण्या नव्हत्या. कामाला जात नाही म्हणाली, मशीनचं पायडल दाबवत नाही. मी तिला पाणी दिलं. तिने ग्लास हातात धरून ठेवला.

"मी भांडायला नाही आले," ती म्हणाली. "मला एकच विचारायचंय. त्या दिवशी मी आले होते. तिनेच सांगितलं होतं ना तुम्हाला, की ताई आली तर आत घेऊ नका? मला तेवढंच खरं सांगा. एवढी नकोशी झाले होते का मी तिला?"

ताई, किती सोपं होतं बघ. गेलेल्या माणसाचं गुपितही गुपितच राहतं, असाही आमचा नियम आहे. मी तेच वाक्य तिसऱ्यांदा म्हणू शकले असते आणि ती उठून गेली असती. जन्मभर तिला वाटत राहिलं असतं की बहिणीने तिला हाकललं. आणि माझं काम, माझं नाव, सगळं शाबूत राहिलं असतं. तोंडापर्यंत आलं होतं ते वाक्य.

मी म्हटलं, "तिने असं काही सांगितलं नव्हतं. तुम्हाला मी परत पाठवलं. माझ्या मनाने."

तिचा चेहरा सैल पडला. क्षणभर तर ती हसलीच, ताई. "म्हणजे ती नाही म्हणाली नव्हती?"

"नाही."

"म्हणजे मी आले होते हे ऐकून ती काय म्हणाली?"

मला वाटलं होतं पहिला प्रश्न सगळ्यांत अवघड असेल.

"तिला माहीत नव्हतं," मी म्हटलं. "मी सांगितलं नाही."

"कधीच नाही?"

"नाही."

"मग तिला काय वाटत होतं?"

मी गप्प राहिले. या वेळचं गप्प राहणं पद्धतीतलं नव्हतं. तिने ग्लास खाली ठेवला. पाण्याला तोंड लावलेलं नव्हतं.

"सांगा ना. तिला काय वाटत होतं?"

"तुम्ही आला नाहीत, असं."

ती ओरडेल असं मला वाटलं. ओरडली असती तर बरं झालं असतं, ओरडण्याची मला सवय आहे. ती खूप हळू आवाजात बोलायला लागली, स्वतःशीच हिशेब लावल्यासारखी. ती त्या खोलीवरही गेली होती म्हणाली, दोनदा. खालून खिडकीत दिवा बघून परत आली. वर गेले तर मॅडमचं काम बिघडेल, असं तिला वाटलं. मॅडमने दार लावलं म्हणजे काहीतरी कारण असेल. शिकलेली बाई आहे. "मी तुमच्यावर विश्वास ठेवला हो," ती म्हणाली. "माझी अक्कल बाजूला ठेवली आणि तुमच्यावर ठेवला."

मग तिने विचारलं, "का?"

या प्रश्नाला मी चार ठिकाणी चार उत्तरं देणार आहे. चौकशी समितीपुढे वेगळं, बाईंपुढे वेगळं, कागदावर वेगळं. तिला मी खरं ते सांगितलं. "मला मोठी बहीण आहे. तिनेही माझ्या दारात गादी टाकली होती. सात वर्षं आम्ही बोलत नाही. तुम्ही दारात उभ्या राहिलात आणि मला तीच दिसली."

ती माझ्याकडे बघत राहिली. राग नव्हता तिच्या नजरेत. समजून घ्यायचा प्रयत्न होता, आणि तो जमत नव्हता.

"तुमचं भांडण तुमच्या बहिणीशी होतं ना?" ती म्हणाली. "मग तिच्याशी भांडायचं होतं. माझ्या बहिणीला कशाला मध्ये घेतलंत?"

मी हात जोडले. तिने ते पाहिलं आणि उठली. मी तिला तक्रार कुठे करायची तो पत्ता लिहून दिला, बाई साक्षीला येतील तेही सांगितलं. तिने कागदाची घडी करून मुठीत धरली. करेल की नाही सांगितलं नाही. दारात थांबून म्हणाली, "मला दर बुधवारी इथे येऊन बसता येईल का? ती जे बोलायची ते इथेच बोलायची. घरात तर माझ्याशी बोलायचीच नाही."

हो म्हणावंसं वाटलं. जन्मभर ये म्हणावंसं वाटलं. मी तिची धाकटी बहीण झाले असते आणि ती पुन्हा माझी ताई, आणि आम्ही दोघी त्या मुलीच्या खुर्चीभोवती बसून राहिलो असतो. मी नाही म्हटलं. तिच्यासाठी दुसऱ्या एका बाईंचं नाव दिलं. ते तिने घेतलं नाही. सावकाश पायऱ्या उतरत गेली, आणि जाताना दार उघडंच ठेवून गेली.

शनिवारी मी तिकडे येतेय, ताई. माफी मागायला नाही. ती जिथे मागायची तिथे मागितली आणि ती मिळणार नाही, हे बरोबरच आहे. मी एकोणीस वर्षांची असताना मीही जीव द्यायला निघाले होते; त्या सकाळी खोलीत शिरल्यावर तू काय पाहिलंस, हे मी तुला आजवर विचारलं नाही. ते विचारायचंय, आणि तू सांगशील ते शेवटपर्यंत ऐकायचंय. त्यानंतर मी भांडणार आहे. तू मला कोंडलंस, ते तुझ्या तोंडावर म्हणणार आहे. तू पण म्हण काय ते, खालच्या मजल्यापर्यंत ऐकू जाईल असं म्हण. ते आपल्या दोघींचंच होतं. ती बावीस वर्षांची होती आणि तिला त्यातलं काहीच माहीत नव्हतं.

तुझी धाकटी